फुकटचा कोर्स कोणता लावू?

निकाल लागले की फोन सुरू होतात. ‘मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला गेलाय. एआयचा एखादा फुकट ऑनलाइन कोर्स लावू का?’ विचारतात आई-वडील. ज्याने शिकायचे, त्याला फोनही द्यायचा नसतो.

कुठलाही लावू नका. ज्याला एक्सेलमध्ये टक्केवारी काढता येत नाही, त्याने मशीन लर्निंगचे व्हिडिओ दुप्पट वेगाने पळवून मिळवलेले प्रमाणपत्र मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडते. अशी दहा प्रमाणपत्रे बायोडेटात असली, तर संशय अधिकच वाढतो.

त्यापेक्षा आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ उघडा. हे नाव पालकांच्या तोंडून मी क्वचितच ऐकते, कारण त्यात मिरवण्यासारखे काही नाही. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे: लिब्रेऑफिस, लिनक्स, पायथन, प्रबंध नीट मांडायला लाटेक. यातले बरेचसे मराठीतही आहेत. पद्धत साधी आहे. स्क्रीनच्या एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष सॉफ्टवेअर. तिकडे दाखवले ते थांबवून इकडे करायचे. नुसते बघत बसणाऱ्याला यातून काही मिळणार नाही. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या, इंग्रजी व्याख्यानाला बिचकणाऱ्या मुलीने सुरुवात इथूनच करावी. महिनाभरात कॉलेजचा एक प्रकल्प तिने स्वतः टाइप करून, तक्ते घालून दिला, तर बायोडेटात तेवढी एक ओळ पुरे.

‘स्वयम’ आणि ‘एनपीटीईएल’ ही ऑनलाइन अभ्यासक्रमांची व्यासपीठे बहुतेकांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात. शिकणे फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेला मात्र शुल्क भरावे लागते. यूजीसीच्या 2021च्या नियमांनुसार एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’वरून घेण्याची मुभा विद्यापीठे देऊ शकतात. तुमचे कॉलेज अशा विषयांचे क्रेडिट धरते का, हे नोंदणीआधी परीक्षा विभागात जाऊन विचारा. मुलानेच जाऊन विचारावे.

आणि हो, मुलाच्या लॉगिनवरून रात्री जागून दर आठवड्याची असाइनमेंट सोडवणारे वडीलही असतात. ‘एनपीटीईएल’मध्ये त्या असाइनमेंटला 25 गुण आहेत. उरलेले 75 केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. तिथे मुलगा एकटाच बसतो, आणि 75 पैकी 30 पडले नाहीत, तर घरून कमावलेले सगळे गुण धरूनही प्रमाणपत्र मिळत नाही.