बाळाआधी बाळाचे डॉक्टर : आपलं यजमान शहर फिलाडेल्फिया

अधिवेशनाला येणारी मंडळी लिबर्टी बेल पाहतीलच, इंडिपेन्डन्स हॉलसमोर फोटोही काढतील. ती माहिती हॉटेलातल्या पत्रकात मिळेल. मी या शहराची ओळख करून देणार आहे ती माझ्या चौतिसाव्या आठवड्यापासून, कारण फिलाडेल्फिया माझं झालं ते तेव्हा.

प्रसूतीसाठी नाव नोंदवायला गेले होते. विमा, रक्तगट, सगळं भरलं आणि एका रकान्यापाशी पेन थांबलं : बाळाचे डॉक्टर. आईला फोन केला तर ती म्हणाली, “अगं, आधी सुखरूप सुटका तर होऊ दे!” आमच्याकडे बाळ येण्याआधी झबलंसुद्धा विकत आणत नाहीत.

पण इथला हिशेब वेगळा. प्रसूती सरळ झाली तर साधारण दोन दिवसांत घरी पाठवतात. बाळाची कावीळ वाढते ती तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, म्हणजे नेमकी घरी आल्यावर. आईला दूध उतरायचेही तेच दिवस. म्हणून पुढच्या दोन-तीन दिवसांत बाळाला डॉक्टरांना दाखवावंच लागतं, आणि ओल्या बाळंतिणीनं तेव्हा ‘नवीन पेशंट घेता का’ म्हणून फोन करत बसायचं का? शेवटच्या तिमाहीतच बालरोगतज्ज्ञांना भेटून या, असं इथले डॉक्टर स्वतःच सांगतात.

पहिल्या दवाखान्यात आमचा विमा चालत नव्हता. दुसऱ्यात पाच मिनिटांत बोळवण झाली. तिसऱ्या ठिकाणी आई बरोबर होती, डिंकाचे लाडू घेऊन नुकतीच आलेली. रात्री दोनला ताप चढला तर फोन कोण उचलतं, हे मी विचारत होते. आईनं कोपरानं ढोसलं, “टाळू भरायची का विचार. आणि गुटी?” गुटी म्हणजे काय, ते डॉक्टरबाईंनी नीट विचारून घेतलं. सहाणेवर वेखंड, जायफळ, बदाम कसे उगाळायचे, किती वळसे घ्यायचे, हे आईनं टेबलावर बोट फिरवून दाखवलं. तेल लावून मालिश जरूर करा, त्या म्हणाल्या, पण पहिले सहा महिने दुधाखेरीज काही नको. मध तर वर्षभर जिभेलाही लावायचा नाही. त्यातल्या जंतूंमुळे तान्हं बाळ लुळं पडू शकतं. आई गप्पच झाली. जिना उतरताना म्हणाली, “याच बऱ्या. ऐकून घेतात.” घरी येऊन मी तो रकाना भरला.

बाळंतपणाच्या आणि बाळांच्या बाबतीत हे शहर जुनंजाणतं आहे. बेंजामिन फ्रँकलिन आणि डॉ. थॉमस बॉन्ड यांनी १७५१ साली स्थापलेल्या पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये आजही बाळं जन्मतात. फक्त मुलांसाठी असलेलं अमेरिकेतलं पहिलं रुग्णालय इथलंच, १८५५ साली बारा खाटांनिशी उघडलेलं. इथल्या मुलांना वर्षाची झाल्यावर गोवर-गालगुंड-रुबेलाची लस देतात. तिच्यातला गालगुंडाचा विषाणू मॉरिस हिलमन यांनी १९६३ साली आपल्या आजारी मुलीच्या, जेरिल लिनच्या, घशातून घेतला होता. रुबेलाची लस स्टॅनली प्लॉटकिन यांनी इथल्याच विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये घडवली.

आणि नॉर्थ कॉलेज अव्हेन्यू. स्त्रियांसाठी १८५० साली निघालेलं वैद्यकीय महाविद्यालय पुढे या रस्त्यावर होतं, आणि ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई जोशी तिथून डॉक्टर झाल्या. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र. हे आपण शाळेत वाचलेलं असतं. मला मात्र दिवस भरत आले तेव्हा त्यातली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवायची : चौदाव्या वर्षी त्यांना झालेला मुलगा दहा दिवसांचा होऊन गेला. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली नाही. ते दुःख घेऊन त्या इथवर आल्या. तुम्हाला अधिवेशनातून तासभर मोकळा मिळाला तर त्या रस्त्यावर जाऊन या.

माझ्या लेकीच्या दहाव्या दिवशी डॉक्टरबाईंनी तिला वजनकाट्यावर ठेवलं. जन्माच्या वेळचं वजन भरून आलं होतं. आईनं तिथेच काट्यावरून तिला उचललं, दुपट्यात गुंडाळलं, आणि येताना मी नवऱ्याला गाडी नॉर्थ कॉलेज अव्हेन्यूवरून घ्यायला सांगितली.