नावानिशी स्मरण : वीरगळापासून राष्ट्रीय युद्धस्मारकापर्यंत

महाराष्ट्रातील कितीतरी गावांच्या वेशीवर अथवा शिवमंदिराच्या आवारात वीरगळ उभे आहेत. लढाईत किंवा गावाच्या गुराढोरांचे रक्षण करताना कामी आलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली ही शिळा. तिच्या खालच्या चौकटीत युद्धाचा प्रसंग असतो, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गास नेत असतात आणि वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. ते आहेत तोवर ही कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. परंतु बहुसंख्य वीरगळांवर अक्षर नाही. उभारणाऱ्यांना तो वीर कोण हे ठाऊक होते, म्हणून त्यांना नाव कोरण्याची गरज वाटली नसावी. आज शिळा शिल्लक आहे, शेंदूरही लागतो. नाव मात्र गेले.

पहिल्या महायुद्धानंतर (१९१४-१९१८) सरकारने सैन्यभरतीच्या गावांतून दगडी पाट्या बसविल्या. गावातून किती माणसे युद्धावर गेली आणि किती परतली नाहीत, एवढे दोन आकडे त्यांवर असत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले. तेथे त्यांचे स्मारक आहे आणि गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला आहे.

आकड्यांची ही पद्धत गावापुरती नव्हती. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, रणभूमीवर १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी लढल्या. तेथील मृतांसाठी बसरा येथे मोठे स्मारक उभारण्यात आले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची व हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्याच दिली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या भेदभावाची कबुली दिली. किमान १ लाख १६ हजार मृतांचे नावानिशी स्मारक झाले नाही, किंबहुना काहींचे मुळीच झाले नाही, असे त्यात नमूद आहे. ते युद्ध परकीय सत्तेचे होते, सबब त्यातील जवानांची आठवण कशाला, असा प्रश्न कधी कधी विचारला जातो. परंतु ज्या घरातला कर्ता मुलगा परत आला नाही, त्या घराचे दुःख सत्ता कोणाची होती यावर अवलंबून नव्हते.

नाव टिकले म्हणजे काय होते, याचे उदाहरण रायगड जिल्ह्यात आहे. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात लढत होते. शत्रूच्या मशीनगनने त्यांच्या तुकडीतील सर्वांना ठार वा जखमी केले. घाडगे एकटेच पुढे धावले, हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली आणि गोळ्या संपताच बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्यांशी झुंजले. तेवढ्यात दडून बसलेल्या नेमबाजाची गोळी त्यांना लागली. वय अवघे २२ वर्षांचे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी ज्ञात नाही. कॅसिनो येथील स्मारकावर नाव तेवढे आहे. परंतु त्या नावामुळेच माणगावात त्यांचा पुतळा उभा राहिला आणि २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावानेही सौरघड्याळाच्या रूपात त्यांचे स्मारक उभारले.

स्वतंत्र भारतात २६ जानेवारी १९७२ रोजी दिल्लीच्या इंडिया गेटखाली अमर जवान ज्योती प्रज्वलित झाली. तथापि त्या कमानीवरील नावे जुन्या, ब्रिटिश अमदानीतील युद्धांची होती. स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेल्यांसाठी राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले आणि २१ जानेवारी २०२२ रोजी जुनी ज्योत तेथील ज्योतीत विलीन करण्यात आली. तेथील त्यागचक्रात प्रत्येक हुतात्म्यासाठी ग्रॅनाइटची एक वीट आहे. शिपाई असो वा अधिकारी, वीट सारखीच.

दिल्लीला जाणे प्रत्येक कुटुंबाला शक्य नसते. म्हणून हे काम गावातही व्हावयास हवे. ‘मेरी माटी मेरा देश’ या २०२३ च्या मोहिमेत ग्रामपंचायतींनी शिलाफलक उभारले. त्यांवरील नावे पुरी आहेत काय, याची तपासणी शाळा व ग्रामपंचायत यांनी मिळून करण्यासारखी आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी कोणासही पाहता येतात आणि हिंदी सैनिकांच्या नोंदींत पुष्कळदा वडिलांचे नाव, गाव, तालुका व जिल्हा दिलेला असतो. मात्र शोधताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, इंग्रज कारकुनांनी नावे ऐकू आली तशी लिहिली आणि आडनाव कित्येकदा गाळले. दुसरी, जिल्हे बदलले आहेत. रायगडचा जवान कुलाब्याखाली सापडेल, कारण ते नाव १९८१ पर्यंत चालू होते. आणि त्याच वर्षी रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या सिंधुदुर्गातील जवान रत्नागिरीखाली किंवा सावंतवाडी संस्थानाखाली. १९४७ नंतरच्या जवानांची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे मागावी.

लष्करी क्रमांक, पलटण, मृत्यूची तारीख व ठिकाण यांची खात्री झाल्यावर आणि घरच्या मंडळींना वाचून दाखविल्यावरच नाव दगडावर जावे. दगडावरची चूक दुरुस्त करणे कठीण असते आणि ती रोज पाहणारी वीरमाता किंवा वीरपत्नी त्याच गावात राहत असते. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. त्या दिवशी निधीसंकलनाबरोबरच ही नावे शाळेत मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत. त्या कुटुंबांना आगाऊ, घरी जाऊन बोलावणे करावे व पहिल्या रांगेत बसवावे. पाहुण्यांची भाषणे त्यानंतर झाली तरी चालतील.