कॅम्परव्हॅन: सुताराआधी आरटीओ

व्हॅन घ्यायची, मागे प्लायवूडची खाट ठोकायची, छतावर सोलर पॅनेल, कोपऱ्यात शेगडी, आणि कोकणातून गोव्याच्या वाटेला लागायचं. असा बेत आखणारी मंडळी प्लाय, गादी, बॅटरी यांचा हिशेब पै-पैचा करतात. आरसी आणि विम्याचा रकाना मात्र कोराच ठेवतात. माझं स्पष्ट मत आहे, की हिशेबाला सुरुवात तिथूनच करावी. आरसीवर एक आणि गाडीत दुसरंच असं झालं, तर बाकी सगळा खर्च पाण्यात जाऊ शकतो.

आधी कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीवरचा तपशील जुळणार नाही, असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने शिक्षाही कडक केली. नव्या कलम 182अ प्रमाणे बेकायदा बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि दंडाची आकारणी बदलागणिक होते. मागच्या सीटा काढल्या, बाजूचा पत्रा कापून खिडकी बसवली, छप्पर उंच केलं, की तीन बदल झाले. दंड 15,000 रुपयांवर गेला.

याचा अर्थ कॅम्परव्हॅन बेकायदा आहे असा नाही. केंद्राच्या 5 नोव्हेंबर 2004 च्या अधिसूचनेत खासगी वापराची कॅम्परव्हॅन हा बिगर-परिवहन वाहनांचा स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे पांढरी पाटी आणि 15 वर्षांची नोंदणी मिळू शकते. पण तिथवर जायचा रस्ता घरच्या अंगणातून जात नाही. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानक आहे, आणि त्याची तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्था करतात. बॉडी बिल्डरने आपल्या मॉडेलला अशी मंजुरी घेतलेली असेल, तर कोऱ्या चासीवर बॉडी बांधून घ्यायची आणि त्याच्याकडून नमुना 22-अ घेऊन पहिलीच नोंदणी कॅम्परव्हॅन म्हणून करायची. तपासणीचा खर्च तो अनेक गाड्यांवर वाटतो. एकुलत्या एका गाडीसाठी तो स्वतःच्या खिशातून करणं कुणालाही परवडणारं नाही. म्हणून बिल्डरशी दराची घासाघीस करण्याआधी मंजुरीचा कागद मागा. त्यावरचं चासीचं मॉडेल तुमच्या चासीशी जुळत नसेल, तर दर कितीही कमी असो, उठून या.

बहुतेकांचा बेत एवढा मोठा नसतोच. त्यांच्यासाठी शहाणपणाचा मार्ग एकच: काढता-घालता येणारी मांडणी. पाच सीटांच्या ईकोत मागच्या सीटमागे जी जागा असते तिथे खणांची पेटी ठेवा, तिचं झाकण रात्री पुढे उलगडून खाट करा, घरी आल्यावर दोघांनी मिळून ती उतरवा. पत्र्याला ड्रिल नको, वेल्डिंग नको, सीटांना हात नको, कारण आसनक्षमता आरसीवर छापलेली असते. पेटी पट्ट्यांनी घट्ट आवळून मात्र ठेवा, आणि गाडी चालू असताना खाटेवर कुणालाही झोपू देऊ नका.

वजनाकडे लोक सर्वांत कमी बघतात. 18 मिलिमीटर जाडीची आठ बाय चारची एक प्लाय साधारण 35 किलो भरते. अशा दोन प्लाय, 50 लिटर पाणी, इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी पन्नासेक किलोची, की पावणेदोनशे किलो झाले आणि माणसं अजून बसायचीच आहेत. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी बारा-तेरा किलोत बसते. महाग असली तरी इथे तीच घ्यावी. सामान भरण्याआधी एकदा आणि नंतर एकदा वजनकाट्यावर जा. पावती अगदी किरकोळ पैशांत मिळते. आरसीवरच्या वजनाशी ती ताडून बघा आणि दोन्ही पावत्या जपून ठेवा.

आता विमा. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं. जून 2022 मध्ये लागू झालेल्या दरांनुसार 1000 ते 1500 सीसीच्या खासगी मोटारीला वर्षाला 3,416 रुपये, आणि 1500 सीसीच्या वर 7,897 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 1197 सीसीच्या ईकोला सुमारे 4,031 रुपये, आणि 1500 सीसीच्या वरच्या गाडीला सुमारे 9,318. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा वेगळा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता कंपनीगणिक बदलतो, म्हणून निदान तीन कोटेशन घ्या.

खरी गोम वाढीव सामानात आहे. सोलर, इन्व्हर्टर, फ्रिज, बॅटरी हे सगळं विद्युत उपकरणांत मोडतं, आणि पॉलिसीत किंमत लिहून नोंदवलं तरच भरपाईला धरतात. जुन्या मोटार टॅरिफमध्ये त्याचा दर किमतीच्या 4 टक्के होता, आणि आजही अंदाजासाठी तोच धरायला हरकत नाही. 60,000 रुपयांच्या सामानाला 2,400 रुपये, जीएसटीसह 2,832. बिनविजेचं सामान वेगळ्या रकान्यात जातं. बिलं दुकानदाराकडून जीएसटीसह घ्या. पक्क्या बिलाशिवाय सर्व्हेअरसमोर किंमत सिद्ध करणं फार जड जातं. बॅटरी, रबर आणि प्लास्टिकवर 50 टक्के घसारा कापला जातो, फायबरवर 30 टक्के. 40,000 रुपयांची बॅटरी जळाली, तर साध्या पॉलिसीत हिशेब 20,000 पासूनच सुरू होतो. झिरो डेप घेणार असाल तर त्यात या जोडलेल्या बॅटरीचा समावेश आहे का, हे लेखी विचारा.

खर्च निघावा म्हणून सुट्टीत गाडी भाड्याने द्यायचा मोह होतो. खासगी नोंदणीवर हे करू नका. खासगी गाडी भाड्याने वापरल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये, अमलेंदू साहू यांच्या खटल्यात, दावा पूर्ण फेटाळता येणार नाही असं म्हटलं खरं. पण अशा दाव्यांत भरपाईला कात्री लागते, आणि 75 टक्के मिळाले तरी नशीब म्हणायचं. भाड्यानेच द्यायची असेल तर परिवहन वाहन म्हणून नोंदवा. त्यात पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस आलं, तेही खर्चात धरा.

गाडीवर कर्ज असेल तर पेटी ठेवण्यापलीकडचं काहीही करण्याआधी बँकेची लेखी संमती घ्या. आरटीओने मंजूर केलेला कोणताही बदल 14 दिवसांच्या आत कळवून आरसीवर चढवावा लागतो. विमा कंपनीला ईमेल करताना आतली मांडणी, सामानाची यादी, किमती आणि चार बाजूंचे फोटो जोडा. एजंटच्या तोंडी ‘काही होत नाही’वर विसंबू नका. पॉलिसीवर एंडोर्समेंट छापून येईपर्यंत पहिली सहल पुढे ढकला.