बोट टेकवून मशीन सुरू करा

लिनक्स कर्नलसाठी ड्रायव्हर लिहिणाऱ्या एका इंजिनिअरच्या टेबलावर टचस्क्रीनचा एक बोर्ड परत आला. तक्रार एका ओळीची: कधीकधी टच चालतच नाही. त्याने वीसेक वेळा बंद-चालू करून पाहिलं. टच दरवेळी चालला. ‘केबल सैल असावी’ असा शेरा मारून त्याने बोर्ड पाठवून दिला. पंधरा दिवसांत तो पुन्हा हजर.

बिघाड सापडला तो निव्वळ अधीरपणामुळे. बूट होईस्तोवर इंजिनिअर स्क्रीनवर बोट टेकवून बसला होता आणि टच मेला. कर्नल इंटरप्टची, म्हणजे चिपने प्रोसेसरला मारलेल्या हाकांची, मोजणी दाखवतो त्या यादीत टचपुढे शून्य. ऑसिलोस्कोप लावला, तर इंटरप्टची लाइन शून्य व्होल्टला चिकटलेली. चिप हाका मारत होती. कर्नलला ऐकू येत नव्हतं.

ड्रायव्हरने इंटरप्ट मागितला होता ‘फॉलिंग एज’वर, म्हणजे लाइन वरून खाली येते तेवढ्या क्षणापुरता. बोट आधीच टेकलेलं असल्याने चिपने ड्रायव्हर जागा होण्यापूर्वीच लाइन खाली ओढली होती. डेटा वाचल्याशिवाय चिप लाइन सोडत नाही आणि इंटरप्ट आल्याशिवाय ड्रायव्हर वाचत नाही.

“मी आधी दर 100 मिलिसेकंदांनी लाइन तपासणारा टायमर टाकला,” तो सांगतो. “तक्रारी थांबल्या, पण प्रोसेसरला झोप मिळेना, बॅटरी उतरायला लागली.”

शेवटी त्याने ट्रिगर ‘लेव्हल लो’ केला. आता लाइन खाली आहे तोवर इंटरप्ट उभाच राहतो. सोबत काम संपेपर्यंत इंटरप्ट बंद ठेवणारं ‘वनशॉट’ लावलं, नाहीतर डेटा वाचून होईपर्यंत इंटरप्टचा भडिमार होतो.

एजशिवाय गत्यंतर नसेल, तर त्याचा सल्ला असा: इंटरप्ट चालू केल्याकेल्या एकदा चिपचं स्टेटस स्वतः वाचा. इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या हँडलरमध्ये आधी स्टेटस पुसा, मग काम करा. उलटं केलंत तर मधल्या वेळात आलेली घटना पुसली जाते. स्टेटस रिकामं दिसेपर्यंत बाहेर पडू नका.

टायमरचा आधार घ्यायचा तर लिनक्सच्या एनव्हीएमई ड्रायव्हरसारखा, असं तो म्हणतो. डिस्ककडून ठरलेल्या वेळेत, एरवी 30 सेकंदांत, उत्तर आलं नाही, तर हा ड्रायव्हर कंप्लिशन क्यू स्वतः तपासतो. काम झालेलं आढळलं, तर ‘कंप्लिशन पोल्ड’ असा इशारा लॉगमध्ये टाकतो. इंटरप्ट हुकल्याची नोंद राहते.

त्याच्या चाचण्यांच्या यादीत आता पहिली ओळ आहे: स्क्रीनवर बोट टेकवा, मग पॉवर द्या. दुसरी ओळ तीच, फक्त मशीन झोपेतून उठवताना.