सीटी स्कॅनची प्रतिमा : मोजलेली किती, मानलेली किती?

वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके असतात, रुग्णसंख्येची कोष्टके असतात आणि देणगीदारांची नामावली असते. त्यांच्या जोडीला एखाद्या वैद्यकीय विषयाची सोप्या भाषेत ओळख करून देणारा लेख असावा, अशी आपल्या विश्वस्त मंडळाची इच्छा असते. यंदा हे काम माझ्याकडे आले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकाचा किंवा गणिताचा अभ्यासक नव्हे. तरीही सीटी स्कॅन हा विषय मी निवडला, त्याला एक प्रसंग कारण झाला.

आपल्या सीटी स्कॅन यंत्रासाठी नवी संगणकप्रणाली घ्यावी, असा प्रस्ताव खरेदी समितीपुढे आला होता. ‘क्ष-किरणांची मात्रा निम्म्याहून कमी, प्रतिमा मात्र तितकीच स्वच्छ’ असे पुरवठादाराच्या प्रतिनिधीने सांगितले. कमी खर्चात तेवढेच उत्पन्न, असा त्याचा अर्थ लावून मी मनोमन संमती देऊन टाकली. तेवढ्यात आपल्या क्ष-किरण विभागाच्या प्रमुख डॉक्टरबाईंनी विचारले, “या प्रतिमेत मोजलेले किती आणि मानलेले किती?” प्रतिनिधीला सरळ उत्तर देता आले नाही आणि मला तर प्रश्नच कळला नाही. तो कळावा म्हणून पुढे जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते येथे मांडत आहे.

सावल्यांवरून आतले चित्र

साधा एक्स-रे म्हणजे शरीराची सावली. छाती, पाठ, बरगड्या, हृदय हे सारे एकावर एक पडलेले असते. सीटी स्कॅनमध्ये किरण सोडणारी नळी रुग्णाभोवती फिरते आणि प्रत्येक कोनातून एक सावली नोंदवली जाते. प्रत्येक किरण शरीरातून बाहेर पडताना किती क्षीण झाला, एवढेच यंत्र मोजते. म्हणजे यंत्राच्या हाती येतात त्या केवळ बेरजा. त्या बेरजांवरून आतला प्रत्येक आकडा शोधणे हे संगणकाचे काम.

असे शोधणे शक्य आहे, हे ऑस्ट्रियाचे गणितज्ञ योहान राडोन यांनी १९१७ मध्येच सिद्ध केले होते. अर्थात, सर्व दिशांच्या सर्व बेरजा हाती असतील तर. ॲलन कॉर्मॅक यांनी दक्षिण आफ्रिकेत असताना हाच प्रश्न रुग्णांच्या दृष्टीने हाती घेतला आणि १९६३ व १९६४ मध्ये आपले गणित प्रसिद्ध केले. त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी स्वतंत्रपणे यंत्र उभारले. प्रयोगशाळेतील पहिल्या नमुना यंत्राला एका छेदाची मोजमापे घेण्यास ९ दिवस लागत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका महिलेच्या मेंदूचे पहिले स्कॅन झाले आणि तिच्या मेंदूतील विकार पडद्यावर दिसला. कॉर्मॅक व हाउन्सफील्ड यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

या इतिहासात एक भारतीय पानही आहे. प्रत्येक सावली आधी विशिष्ट रीतीने सुधारून घ्यावी आणि मग ती आल्या दिशेने परत पसरावी, म्हणजे थोड्या वेळात रेखीव प्रतिमा मिळते, ही पद्धत जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात मांडली. या घराण्यातील पद्धतींवर जगभरातील सीटी स्कॅन यंत्रे कित्येक दशके चालली.

बेरजा जुळतात, हिशेब खरा असतोच असे नाही

हाउन्सफील्ड यांच्या यंत्राची प्रतिमा ८० गुणिले ८०, म्हणजे ६,४०० चौकटींची होती. त्यासाठी १८० कोनांतून प्रत्येकी १६०, म्हणजे २८,८०० मोजमापे घेतली जात. अज्ञात आकडे ६,४०० आणि पुरावे त्यांच्या चौपटीहून अधिक. प्रश्न उभा राहतो तो पुरावे कमी पडू लागले की.

समजा, एका संस्थेच्या वर्गणीच्या वहीचे पान वाळवीने खाल्ले आणि केवळ कडेच्या बेरजा शिल्लक राहिल्या. गावे दोन, महिने दोन. प्रत्येक गावाची एकूण वर्गणी १० रुपये आणि प्रत्येक महिन्याची एकूण जमाही १० रुपये. आतले चार आकडे काय असतील? पहिल्या गावाने सगळी रक्कम चैत्रात भरली असेल आणि दुसऱ्याने वैशाखात. किंवा नेमके उलटे. किंवा दोघांनी दरमहा ५ रुपये भरले असतील. केवळ पूर्ण रुपयांचा विचार केला तरी अशा ११ मांडण्या होतात आणि प्रत्येकीत चारही बेरजा बिनचूक जुळतात.

आता तिरकी एक नोंद सापडली : पहिल्या गावाची चैत्रातील आणि दुसऱ्या गावाची वैशाखातील रक्कम मिळून २० रुपये. त्याबरोबर सारे प्रश्न संपतात. पहिली मांडणी खरी ठरते. एका नव्या कोनातून घेतलेले मोजमाप काय करते, ते यावरून कळते.

ती नोंद सापडलीच नाही तर? मग जुना कारकून सांगतो, “आपल्याकडे प्रत्येक गाव एकरकमीच भरते.” ही माहिती मानली तर ११ मांडण्यांतून दोनच उरतात. मदत मोठीच झाली. परंतु त्या वर्षी दोन्ही गावांनी हप्त्याने पैसे भरले असतील, तर आपला हिशेब नीटनेटका दिसेल, तेरीज जुळेल आणि तरीही तो खोटा असेल. डॉक्टरबाईंच्या प्रश्नाचा अर्थ मला येथे उमगला. बेरजा म्हणजे मोजलेले. कारकुनाची माहिती म्हणजे मानलेले.

मोजमापे कमी का करावयाची?

कारण प्रत्येक मोजमापाची किंमत रुग्णाचे शरीर देते. छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये किरणोत्साराची मात्रा साधारणपणे ०.१ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहून कमी असते. प्रौढाच्या छातीच्या नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये ती सुमारे ५ ते ७ पर्यंत जाते. निसर्गातून प्रत्येक माणसाला मिळणारी मात्रा जागतिक सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट आहे. एका आवश्यक तपासणीचा लाभ तिच्या धोक्याहून पुष्कळ मोठा असतो, म्हणून कोणीही भिऊन तपासणी टाळू नये. परंतु लहान मुले किरणोत्साराला अधिक संवेदनशील असतात आणि काही रुग्णांना वारंवार स्कॅन करावे लागते. तेथे बचतीला मोल आहे.

बचत दोन रीतींनी होते. कोन तेवढेच ठेवून किरण क्षीण करावयाचे. रुग्णालयांत प्रामुख्याने हीच रीत वापरली जाते. मात्रा एक चतुर्थांश केली तर प्रतिमेतील खरखर साधारण दुप्पट होते. दुसरी रीत म्हणजे कोनच कमी घ्यावयाचे. तसे केले तर जुन्या पद्धतीच्या प्रतिमेत ताऱ्याच्या किरणांसारखे पट्टे उमटतात.

कधी कधी सर्व बाजूंनी फिरणेच शक्य नसते. स्तनांच्या तपासणीसाठी अमेरिकेत २०११ मध्ये प्रथम मान्यता मिळालेल्या टोमोसिंथेसिस यंत्रात नळी केवळ १५ ते ५० अंशांच्या कमानीतून फिरते. अशा वेळी काय दिसते आणि काय निसटते, हे गवंड्याकडून शिकावे. भिंतीचा फुगवटा पाहण्यासाठी गवंडी समोर उभा राहत नाही. भिंतीला गाल लावून तिच्या कडेने नजर टाकतो. क्ष-किरणांचेही तसेच आहे. ज्या कडेला स्पर्शून किरण गेला ती कड प्रतिमेत स्पष्ट उमटते. ज्या कडेच्या दिशेने एकही किरण गेला नाही ती पुसट होते. कोणत्या कडा पुसट राहतील हे तज्ज्ञाला आधीच ठाऊक असते, म्हणूनच असे यंत्र उपयोगी पडते.

रिकाम्या जागा कशाने भरतात?

कारकुनाची माहिती गणितात बसवण्याचे मोठे काम २००६ च्या सुमारास झाले. एमान्युएल कॅन्डेस, जस्टिन रॉम्बर्ग आणि टेरेन्स ताओ यांनी मेंदूच्या छेदाची एक कृत्रिम आकृती घेतली. तिच्यात २,६२,१४४ चौकटी होत्या आणि हाती होत्या केवळ २२ रेषांवरच्या नोंदी. जेमतेम ११ हजार. तरीही आकृती तंतोतंत परत मिळाली. त्यांनी मानलेली गोष्ट साधी होती : चित्रात मोठे सपाट भाग असतात आणि कडा थोड्याच असतात. डेव्हिड डोनोहो यांनीही त्याच वर्षी या विचाराची व्यापक मांडणी केली. एमआरआय तपासणीचा वेळ कमी करण्यासाठी या पद्धतीला २०१७ मध्ये अमेरिकेत वापराची मान्यता मिळाली. सीटी स्कॅनमध्येही संगणक एक अंदाजी प्रतिमा करतो, तिच्या बेरजा मोजलेल्या बेरजांशी ताडून पाहतो आणि पुन:पुन्हा दुरुस्ती करतो.

पुढचे पाऊल कृत्रिम बुद्धिमत्तेचे. हजारो जुन्या प्रतिमा पाहून संगणक स्वतःच ‘मानावयाचे काय’ ते शिकतो. २०१९ मध्ये अशा प्रणालींना अमेरिकेत मान्यता मिळाली आणि त्यांचे लाभ खरे आहेत. परंतु रामचंद्रन यांचा लेख ज्या नियतकालिकात आला होता, त्यातच २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासलेल्या काही प्रणालींमध्ये मोजमापांत अगदी सूक्ष्म फरक केला तरी प्रतिमेत नसलेल्या गोष्टी उमटत होत्या, तर काहींमध्ये लहानसा खरा बदल पुसला जात होता. जी गोष्ट संगणकाने पूर्वी पाहिलेली नाही, ती त्याला कदाचित दिसणारही नाही. आणि आजार तर पुष्कळदा तसाच असतो.

आपल्या रुग्णालयापुरते

नव्या प्रणालीची चाचणी चालू असताना डॉक्टरबाईंनी आग्रह धरला, की त्याच मोजमापांवरून जुन्या पद्धतीची प्रतिमाही काढावी. एका वृद्ध रुग्णाच्या यकृताची नवी प्रतिमा पाहून मन प्रसन्न व्हावे इतकी ती नितळ होती. जुनी खरखरीत होती; पण तिच्यात एक फिकट ठिपका होता. नितळ प्रतिमेत तो जवळजवळ विरून गेला होता. पुढील तपासणीत ठिपका खरा निघाला आणि उपचार वेळेवर सुरू झाले.

त्यांची कन्या माझ्या कार्यालयात आली. “साहेब, दोन चित्रांतलं खरं कोणतं?” तिने विचारले. मी म्हणालो, “ताई, दोन्ही चित्रे एकाच मोजमापांची आहेत. खरी ती मोजमापे. चित्र म्हणजे त्यांचा ताळेबंद.” मोजमापे जपलेली होती म्हणून तिच्या वडिलांना दुसऱ्यांदा किरण घ्यावे लागले नाहीत.

लेखापरीक्षक ताळेबंदावर सही करण्यापूर्वी पावत्या मागतो आणि ज्याचा उलगडा होत नाही ते उचंत खात्यात उघड दाखवावयास सांगतो. तोच नियम येथे लावला. आपण ती प्रणाली घेतली, कारण मुलांच्या आणि वारंवार येणाऱ्या रुग्णांच्या शरीरावरचा भार तिने खरोखरच हलका होतो. मात्र ती सौम्य प्रमाणात वापरावयाची, शंका आल्यास जुन्या पद्धतीची प्रतिमाही काढावयाची आणि अहवालावर सही होईपर्यंत मूळ मोजमापे पुसावयाची नाहीत, असे ठरवले. यंत्रातील जागा भरली की जुनी मोजमापे पुसली जातात, म्हणून अधिकची साठवण घ्यावी लागली.

रुग्णांच्या नातेवाईकांना विनंती, की पूर्वीच्या तपासणीच्या फिल्म आणि सीडी जपून ठेवाव्यात व येताना सोबत आणाव्यात. एक जुनी सीडी कधी कधी एक संपूर्ण स्कॅन वाचवते.

देणगीदारांना एवढेच सांगणे आहे : यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लावता येते, साठवणीच्या डब्यावर किंवा तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणावर ती लावता येत नाही. त्या वृद्ध गृहस्थांच्या उपयोगी पडले ते मात्र पाटी नसलेलेच. या वर्षीच्या ताळेबंदात ‘संगणक साठवण’ या शीर्षाखाली दिसणारा खर्च आपण या दृष्टीने पाहावा, ही नम्र विनंती.

— प्रशासकीय अधिकारी