घटक ३ : एका गस्ती नौकेचा सेवा-इतिहास — दस्तऐवजांचे वाचन

३.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• लष्करी दस्तऐवजांचे प्रमुख प्रकार सांगता येतील.
• एकाच घटनेच्या भिन्न साक्षींची तुलना करता येईल.
• दस्तऐवजाच्या भाषेत कोणाचे नाव येते आणि कोणाचे गळते, हे ओळखता येईल.

३.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण साधनांचे बहिरंग व अंतरंग परीक्षण या संकल्पना पाहिल्या. वि. का. राजवाडे यांनी बखरींपेक्षा समकालीन पत्रांना अधिक विश्वसनीय का मानले, याचीही चर्चा केली. प्रस्तुत घटकात हीच दृष्टी आपण एका दूरच्या उदाहरणाला लावून पाहणार आहोत. उदाहरण आहे दुसऱ्या महायुद्धातील ‘पीटी-१०९’ या अमेरिकन गस्ती नौकेचे. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन केनेडी हे तिचे प्रमुख होते, म्हणून ही नौका प्रसिद्ध आहे. मात्र प्रसिद्धी ही संशोधकाला जितकी साहाय्यक, तितकीच अडसर ठरणारी असते. प्रसिद्ध कथा आधीच पाठ असली, की कागद वाचताना आपण तीच शोधू लागतो.

३.२ विषय-विवेचन

३.२.१ नौकेची ओळख

पीटी नौका या लाकडी बांध्याच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या तीन इंजिनांच्या वेगवान नौका होत्या. पाणतीर म्हणजे टॉर्पेडो हे त्यांचे मुख्य अस्त्र. पीटी-१०९ ही ८० फूट लांबीची नौका एल्को कंपनीने न्यू जर्सीतील बेयोन येथे बांधली. १९४२ च्या जुलैमध्ये ती नौदलाच्या ताब्यात आली. पुढे सॉलोमन बेटांतील तुलागी येथील तळावरून ती कामगिरीवर जाऊ लागली. केनेडी यांनी तिची सूत्रे १९४३ च्या एप्रिलमध्ये घेतली. म्हणजे त्यांच्या आधीही या नौकेला अनेक महिन्यांचे आयुष्य होते आणि त्या काळातही तिच्यावर माणसे राबत होती. सेवा-इतिहास लिहावयाचा तर तो एका रात्रीपुरता लिहून भागत नाही.

३.२.२ साधनांचा शोध

येथे पहिली अडचण उद्भवते ती वर्गीकरणाची. मोठ्या युद्धनौकेची नोंद तिच्या स्वतःच्या नावाने सापडते. पीटी नौकांच्या बाबतीत प्रशासकीय घटक होता तो तुकडी. म्हणून संशोधकाने प्रथम नौका कोणत्या काळात कोणत्या तुकडीत होती हे निश्चित करावे आणि मग तुकडीचे कागद मागवावेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असे कागद आहेत. त्यांपैकी तीन प्रकार लक्षात ठेवावेत.

(अ) युद्ध-दैनंदिनी : तुकडीच्या दैनंदिन हालचालींची संक्षिप्त नोंद.
(आ) चकमकीचा अहवाल : एखाद्या लढतीनंतर वरिष्ठांना सादर केलेले निवेदन.
(इ) हजेरीपट : तुकडीतील खलाशांची नावे, हुद्दे व बदल्या.

हजेरीपट हे साधन वरकरणी निर्विवाद वाटते. परंतु त्यात साधे खलाशी नोंदले जात, अधिकारी नव्हेत. त्यामुळे स्वतः केनेडी यांचे नाव त्यात शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. शिवाय त्या रात्री नौकेवर असलेले अधिकारी जॉर्ज रॉस हे मूळचे पीटी-१६६ या नौकेवरील. ती नौका अमेरिकन विमानांच्या चुकीच्या हल्ल्यात बुडाल्याने ते सोबत आले होते. तात्पर्य, यादीत नाव नाही म्हणून माणूस तेथे नव्हता, असा निष्कर्ष काढता येत नाही.

३.२.३ साक्षींची तुलना

१ ऑगस्ट १९४३ च्या रात्री १५ पीटी नौका जपानी विनाशिकांना अडविण्यासाठी निघाल्या. २ ऑगस्टला पहाटे सुमारे २.३० वाजता, ब्लॅकेट सामुद्रधुनीत ‘आमागिरी’ या विनाशिकेने पीटी-१०९ चे दोन तुकडे केले. नौकेवरील १३ जणांपैकी अँड्र्यू कर्क्सी आणि हॅरोल्ड मार्नी हे दोघे मृत्युमुखी पडले. त्यांचे देह सापडले नाहीत.

या घटनेचा गुप्तवार्ता विभागाचा अहवाल २२ ऑगस्ट १९४३ रोजीचा आहे. तो बायरन व्हाइट आणि मॅक्लूर या अधिकाऱ्यांनी बचावलेल्यांच्या कथनावरून तयार केला. जून १९४४ मध्ये जॉन हर्सी यांचा लेख ‘द न्यू यॉर्कर’मध्ये प्रसिद्ध झाला. विषय एकच असला तरी दोन्ही लेखनांचा हेतू भिन्न आहे. अहवालाला क्रम, वेळ व स्थान हवे असते; लेखाला माणूस हवा असतो. हर्सी यांच्या लेखाची संक्षिप्त आवृत्ती पुढे केनेडी यांच्या १९४६ च्या निवडणूक प्रचारात वाटली गेली. संहिता तीच राहिली, तरी वाचक बदलला आणि तिचे कार्यही बदलले.

आता प्रतिपक्षाची साक्ष पाहू. आमागिरीचे कप्तान कोहेई हानामी यांनी युद्धानंतर सांगितले, की धडक हेतुपुरस्सर होती. त्याच विनाशिकेवर असलेले वरिष्ठ अधिकारी यामाशिरो यांचे म्हणणे धडक टाळण्याचा प्रयत्न केल्याचे होते. दोघेही प्रत्यक्षदर्शी होते, दोघेही वर्षांनंतर बोलत होते. अशा वेळी संशोधकाने दोन्ही साक्षी नोंदवाव्यात. आपल्या आवडीची एक निवडून दुसरी गाळू नये.

कालगणनेचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. जपानी नौदल टोकियोची वेळ पाळीत असे. सॉलोमन बेटांची स्थानिक वेळ तिच्या दोन तास पुढे आहे. हा फरक ध्यानात न घेतल्यास एकच घटना दोन वेगळ्या घटना भासू शकतात.

३.२.४ नाव कोणाचे गळते?

बचावलेले ११ जण पोहत एका बेटावर पोहोचले. त्यांना शोधून काढणारे बिउकू गासा आणि एरोनी कुमाना हे सॉलोमन बेटांचे रहिवासी. केनेडी यांनी नारळाच्या करवंटीवर कोरलेला संदेश घेऊन ते दोघे शत्रूच्या टापूतून होडी वल्हवीत गेले. ऑस्ट्रेलियन किनारा-निरीक्षक रेजिनाल्ड इव्हान्स यांच्या साहाय्याने पुढील हालचाली झाल्या आणि ८ ऑगस्टला पीटी-१५७ ने सर्वांना परत आणले.

ही करवंटी आज बॉस्टन येथील केनेडी ग्रंथालयात जतन केलेली आहे. तिच्यावरील मजकूर अगदी थोडका आहे. ११ जण जिवंत असल्याचे त्यात सांगितले आहे, शेवटी केनेडी हे नाव आहे. आणि ज्याला ठिकाण ठाऊक आहे, जो वाट दाखवील, त्याचा उल्लेख केवळ ‘स्थानिक माणूस’ या अर्थाच्या सामान्यनामाने आला आहे. घाईत, करवंटीच्या अपुऱ्या जागेत कोरलेल्या संदेशाला आपण दोष देणार नाही. परंतु विशेषनाम आणि सामान्यनाम यांतील हा भेद व्याकरणापुरता राहत नाही. पुढील काळातील लेखकांनी गासा व कुमाना यांची नावे लिहिली, म्हणूनच ती आज आपल्यापर्यंत आली. बेटाचेही तसेच आहे. स्थानिक लोकांचे कासोलो, नकाशावरचे प्लम पुडिंग आणि पुढे रूढ झालेले केनेडी बेट, ही तीन नावे एकाच भूमीची आहेत. एकच नाव घेऊन शोध करणाऱ्याला उरलेल्या दोन नावांखालील नोंदी सापडणार नाहीत.

३.३ सारांश

सेवा-इतिहासाची सुरुवात योग्य प्रशासकीय घटक ओळखण्यापासून होते. प्रत्येक दस्तऐवज कोणी, कोणासाठी व केव्हा लिहिला हे विचारल्याशिवाय त्यातील मजकूर प्रमाण मानू नये. वेळ, स्थलनाम आणि व्यक्तिनाम यांची पडताळणी अनिवार्य आहे. कर्क्सी आणि मार्नी यांच्यासारख्यांची स्मृती अखेर अशाच कागदांतील एका ओळीवर अवलंबून असते. ती ओळ अचूक वाचणे हे संशोधकाचे कर्तव्य होय.

३.४ स्वाध्याय

१. हजेरीपट या साधनाची उपयुक्तता व मर्यादा स्पष्ट करा.
२. अहवाल आणि वृत्तकथन यांच्या भाषेतील भेद सोदाहरण लिहा.
३. आपल्या गावातील वा कुटुंबातील एखाद्या सैनिकाविषयी उपलब्ध असलेले एक पत्र, प्रमाणपत्र किंवा स्मृतिफलक निवडा. त्यात कोणाची नावे आहेत, कोणाची नाहीत, याचे सुमारे २०० शब्दांत विवेचन करा.