मुलांना मातीची ओळख करून द्या



धर्मशिक्षणाच्या वर्गात पेरणाऱ्याचा दाखला शिकवताना मी मुलांना सहज विचारले, "तुमच्या शेतातली माती कसली आहे?" मुले शेतकऱ्यांचीच, पण वर्ग गप्प. शेवटी एक मुलगा म्हणाला, "फादर, ते बाबांना ठाऊक."

बाबांना ठाऊक आहे हे खरे. पण ते ज्ञान बाबांपाशीच राहिले, तर उद्या हीच मुले दुकानदार सांगेल ते बियाणे आणतील, मुरमाड रानात कापूस लावतील आणि पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की कर्जात बुडतील. म्हणून आज हा धडा आईबापांसाठी.

प्रभू येशूने दाखल्यात चार ठिकाणे सांगितली: वाट, खडकाळ जागा, काटेरी जागा आणि चांगली जमीन. शेतकऱ्याच्या नजरेने ती पाहा. वाटेवरची माती पायांनी दडपून घट्ट झालेली असते. खडकाळ जागी मातीचा थर पातळ. बी लवकर उगवते, पण मुळांना खाली जागा नसल्याने लवकर करपते. आणि जिथे काटे एवढे माजतात, तिथली माती निकस कशी म्हणावी? तिथे उणीव आहे ती निंदणीची! तेव्हा माती नुसती चांगली की वाईट, असे मुलांना विचारू नका. ती किती खोल, किती घट्ट आणि तिला काय हवे, हे विचारा.

हैदराबादजवळ पटनचेरू येथे १९७२ साली 'इक्रिसॅट' ही कोरडवाहू शेतीची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या आवारात काळी आणि तांबडी अशा दोन्ही जमिनी आहेत. आपल्या दख्खनच्या पठारावरही एकाच गावात, कधी एकाच शेतात, या दोघी नांदतात. त्यांचे स्वभाव मात्र वेगळे.

काळी माती चिकण. पावसात फुगते व पायाला चिकटते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. ती पाणी धरून ठेवते. म्हणून तिच्यातल्या ओलीवर रब्बीची ज्वारी, हरभरा, करडई येते. खोल असेल तर कापूस व तूरही. पण वापसा नसताना तिच्यात औत घातले तर ढेकळेच निघतात. तांबडी माती हलकी. पाणी लवकर पिते आणि लवकर सोडते. पावसाच्या माऱ्याने तिच्यावर पापडी धरते व कोवळा कोंब खालीच अडतो. तिला शेणखत आणि तळ्यातला गाळ मानवतो. तेलंगणात २०१५ साली सुरू झालेल्या 'मिशन काकतीय' योजनेत तलावांतून काढलेला असा गाळ शेतकऱ्यांनी शेतांत नेऊन टाकला. भुईमूग, एरंडी, बाजरी ही तांबड्या मातीची पिके. मुरमाड, बरड जमिनीतही सीताफळ येते.

स्वभाव ओळखल्याने काय होते? खोल काळ्या रानात पावसाळाभर शेत पडीक ठेवून फक्त रब्बी घेण्याची जुनी रीत होती. इक्रिसॅटने १९७६ पासून अशा जमिनीत रुंद वरंबे व सऱ्या पाडून, जादा पाण्याला वाट देऊन, खरिपातही पीक घेऊन पाहिले. खते आणि सुधारित बियाणे यांची जोड मिळाल्यावर वर्षाचे धान्य जुन्या रीतीच्या सुमारे पाचपट आले. जमीन तीच, पाऊसही तोच.

आता मुलांना घेऊन रानात जा आणि हे चार प्रयोग करा:

१. वळी. मूठभर माती भिजवून मळा व बोटाएवढी वळी करा. वळीचे कडे न तुटता झाले तर माती चिकण. वळी होते पण कडे तुटते तर मध्यम. वळीच होत नाही तर रेताड.

२. बरणी. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती व वर पाणी घालून खूप हलवा आणि ठेवून द्या. रेती क्षणात तळाशी बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती बसायला दिवस लागतो. थर पट्टीने मोजायला लावा.

३. ढेकूळ. सुके ढेकूळ पाण्यात अलगद सोडा. भोवती दुधासारखा गढूळपणा पसरून राहिला तर जमीन चोपण असण्याचा संभव आहे. माती तपासून सल्ला घेतल्यावाचून जिप्सम टाकू नका.

४. खोली. ओढ्याच्या दरडीत मातीचे थर दाखवा. मुरूम किती हातांवर लागतो, ते मुलांनाच मोजू द्या.

मातीचा उपयोग केवळ पिकांपुरता नाही. चिकणमातीची मडकी व कौले होतात. मुरूम घराच्या भरावाला चांगला. पण काळ्या मातीवर उथळ पायाचे घर बांधले तर ती फुगून-आकसून भिंतींना तडे जातात.

माती तपासायला देताना काळ्या व तांबड्या तुकड्यांचे नमुने वेगळे ठेवा. प्रत्येक तुकड्यात आठ-दहा जागी वीतभर खोल खड्डा घेऊन कडेची माती काढा, एकत्र मिसळा आणि त्यातली अर्धा किलो द्या. उकिरडा, बांध, झाडाची सावली या जागा टाळा. पिशवीवरचे नाव मुलाच्या हातून लिहवा.

आरोग्याची एक सूचना: माती हाताळल्यावर मुलांचे हात साबणाने धुवा. अनवाणी पायांतून आकडीकृमी शिरतात व पंडुरोग होतो, म्हणून पायांत वहाणा असू द्या. धनुर्वाताची लस चुकवू नका. शौचाच्या जागेजवळची माती प्रयोगाला घेऊ नका.

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावताना, आपण माती आहोत, हे मी तुम्हांला सांगतो. जिच्यापासून देवाने आपल्याला घडवले तिची ओळख आपल्या मुलांना नसावी, हे बरे नव्हे. येत्या रविवारी मिस्सेनंतर प्रत्येक मुलाने आपल्या शेताची मूठभर माती कागदात बांधून आणावी. ती कसली आणि तिच्यात काय पिकेल, हे या वेळी मुलाने सांगायचे. बाबांनी नुसते ऐकायचे.

प्रभू तुमच्या शेतांना व लेकरांना आशीर्वाद देवो.

— तुमचे धर्मगुरू